भारत भूषण छापखाना ते कशेळीचा सर्व्हर : यंत्र आपले, पण चालवणार कोण?



"यूट्यूब फुकट आहे, सगळा समाज तिथेच बसलेला आहे, मग स्वतःचा व्हिडिओ सर्व्हर काढायची ही हौस कशासाठी?" हा प्रश्न आम्हाला गेल्या दोन वर्षांत इतक्या वेळा विचारला गेला आहे की आता आम्ही चिडत नाही. विचारणारे बहुतेक आपलेच आहेत, शिकलेले आहेत, काही तर संगणक क्षेत्रातच नोकरी करतात. कशेळीत आम्ही दहाबारा कार्यकर्ते मिळून जो सर्व्हर चालवतो तो दोनदा बंद पडला, एकदा कधीच भरून न येणारे नुकसान झाले, आणि एकदा ऐन ६ डिसेंबरला त्याने आमची लाज काढली. तेव्हा हा लेख यशाचे ढोल वाजवण्यासाठी नाही. पण वरच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला संगणकाच्या पुस्तकात सापडले नाही. ते आपल्याच चळवळीच्या छापखान्यात सापडले. म्हणून सुरुवात तिथून.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपये दिले, आणि पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला, या दोन गोष्टी आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. जयंतीच्या प्रत्येक भाषणात त्या येतात आणि यायलाच हव्यात. पण 'केसरी'च्या नकाराकडे आपण फक्त जातीय आकस म्हणून पाहतो. आकस तर होताच. त्याहून साधी गोष्ट अशी की छापखाना त्यांचा, कागद त्यांचा, गावोगाव पोहोचणारे वितरण त्यांचे. मालकाला नकाराचे कारण सांगावे लागत नाही. ज्याच्या हातात यंत्र, त्याच्या हातात 'नाही' हा शब्द.

गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मात्र भाषणात येत नाही. १९२० च्या जुलैमध्ये बाबासाहेब अपुरे शिक्षण पूर्ण करायला लंडनला गेले. 'मूकनायक' आधी पांडुरंग नंदराम भटकर आणि पुढे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांच्याकडे राहिला आणि १९२३ मध्ये बंद पडला. त्यावर कुणी बंदी घातली नव्हती. पोलीस येऊन कुणी खिळे उचलून नेले नव्हते. रोजचे काम ओढणारी माणसे आणि पैसा कमी पडला, इतकेच. 'केसरी'ने जाहिरात नाकारली म्हणून 'मूकनायक' मेला नाही, हे आपण एकदा मान्य केले पाहिजे. मान्य करायला जड जाते, कारण शत्रूकडे बोट दाखवणे सोपे असते.

३ एप्रिल १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला जेमतेम दोन आठवडे झाले असताना, 'बहिष्कृत भारत' सुरू झाला. महाडवरून प्रस्थापित पत्रांनी जे लिहिले त्याला उत्तर द्यायला जागा हवी होती, आणि ती उसनी मिळणार नव्हती. पूर्णवेळ संपादक ठेवायला पैसा नाही, म्हणून बाबासाहेब रकानेच्या रकाने स्वतः लिहीत. वकिली, अध्यापन, सभा, दौरे, आणि वर हे. या पत्रावरचे कर्ज हे समाजाचे कर्ज नाही काय, असा सवाल त्यांना वाचकांनाच करावा लागला. नोव्हेंबर १९२९ मध्ये हे पत्रही थांबले. पुन्हा तेच, बंदी नाही, थकलेली वर्गणी आणि एकाच माणसाच्या पाठीवर सगळे ओझे.

मग २४ नोव्हेंबर १९३० रोजी निघालेली 'जनता' पंचवीस वर्षे कशी टिकली? ४ फेब्रुवारी १९५६ ला तिचेच 'प्रबुद्ध भारत' झाले, म्हणजे ती मेली नाही, नाव बदलून पुढे गेली. आमच्या मते दोन कारणे आहेत. एक म्हणजे भारत भूषण हा स्वतःचा छापखाना, जो पुढे बुद्ध भूषण झाला. दुसरे कारण आम्हाला जास्त मोलाचे वाटते. 'जनता' एकट्या बाबासाहेबांच्या लेखणीवर उभी नव्हती. देवराव नाईक होते, भास्करराव कद्रेकर होते, गं. नी. सहस्रबुद्धे होते, छापखान्याच्या कामात पुढे यशवंतराव होते. आणि या नावांच्या मागे खिळे जुळवणारे, शाई लावणारे, गठ्ठे बांधून पोस्टात टाकणारे होते. त्यांची नावे घेऊन आपल्याकडे कुणी जयंती साजरी करत नाही.

२५ जून २०१६ च्या पहाटे दादरच्या आंबेडकर भवनावर बुलडोझर चालला आणि त्यात बुद्ध भूषण छापखान्याची वास्तूही पाडली गेली. तो वाद कुणाचा, बरोबर कोण, त्यात आम्ही इथे शिरत नाही. आमच्यापैकी जे त्या वेळी कॉलेजात होते ते ढिगाऱ्यापाशी जाऊन उभे राहिले होते. एक गोष्ट तेव्हा डोक्यात घुसली ती अजून गेलेली नाही: एका जागी ठेवलेल्या वारशाला एक बुलडोझर पुरतो.

पण 'बहिष्कृत भारत' आज आपण वाचू शकतो तो कसा? तो त्या इमारतीमुळे वाचला नाही. जुने अंक कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ग्रंथालयात पडून होते म्हणून वाचला. रत्नाकर गणवीर यांनी १९७६ मध्ये त्यातले अग्रलेख पुस्तकरूपाने आणले. पुढे वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' यांचा खंड काढला. विखुरलेल्या प्रतींनी वारसा वाचवला. आणि शासनाने छापले म्हणून निर्धास्त व्हावे, तर तसेही नाही. बाबासाहेबांच्या खंडांसाठी कागद घेऊनही छपाई रखडली आहे अशी बातमी आली, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून तिची दखल घेतली. कागद आहे, मजकूर आहे, मागणी आहे, तरी पुस्तक नाही. यंत्र दुसऱ्याच्या हातात असण्याचा हा आपल्या डोळ्यांदेखतचा दाखला.

आता छापील शब्दावरून आवाजाकडे आणि चित्राकडे येऊ, कारण आपल्या समाजाचा मोठा भाग वाचून नव्हे तर ऐकून आंबेडकरी झाला. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादांची गाणी, आणि मग कॅसेट. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे स्टॉल असत. ज्याच्या घरी दोन कप्प्यांचा टेपरेकॉर्डर असे तो वस्तीचा प्रकाशकच. एकाची दुसरी, दुसरीची दहावी प्रत. आवाज घरघर करायचा, पण प्रत आपल्या हातात असायची. नंतर व्हीसीडी आली, तीही हातात होती. मोबाईल आणि फुकट व्हिडिओ आल्यावर पाहणारे वाढले, लाखांनी वाढले, त्यात काही वाईट नाही. फक्त प्रत हातातून गेली. आपण पाहतो, ठेवत नाही. हा बदल इतक्या गुपचूप झाला की चळवळीत कुणी त्यावर एक ठराव सुद्धा केला नाही.

प्रत हातात असण्याने काय फरक पडतो हे ज्यांना कळत नाही त्यांनी रमाबाई नगर आठवावे. ११ जुलै १९९७, घाटकोपर. बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या, दहा जण गेले. पोलिसांचे म्हणणे असे की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. गुंडेवार आयोगाने ती टँकरची कहाणी स्वीकारली नाही. आनंद पटवर्धनांनी चौदा वर्षे लावून 'जयभीम कॉम्रेड' केला, त्यात टँकर कुठे होते आणि माणसे कुठे पडली याचा हिशेब चित्रांतून मांडला आहे. म्हणजे चित्रफीत ही केवळ आठवण नसते, पुरावा असते, आणि पुरावा कुणाच्या कपाटात आहे यावर पुष्कळ काही ठरते. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी घडली, तेव्हा भोतमांगे कुटुंबावर काय झाले हे मुंबईच्या मोठ्या पत्रांत नीट यायला किती दिवस गेले ते आठवा.

कुणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, अपलोड केले की जगाने पाहिले. २०१७ मध्ये सीरियातल्या कार्यकर्त्यांनीही असेच मानले होते. युद्धातल्या अत्याचारांची त्यांनी जमवलेली हजारो चित्रणे यूट्यूबच्या स्वयंचलित यंत्रणेने हिंसक मजकूर म्हणून काढून टाकली. काही परत आली, काही नाही. यंत्राला अत्याचार करणारा आणि अत्याचार दाखवणारा यांतला फरक कळत नाही. आमचा अनुभव इतका मोठा नाही, पण जातकुळी तीच. एका मोठ्या मंचावर आम्ही १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे चित्रण टाकले, तर मागे डीजेवर वाजणाऱ्या भीमगीतावर कुणा कंपनीने मालकी सांगितली आणि आवाज गायब. आपल्याच वस्तीतल्या शाहिराने रचलेले गाणे, आपल्याच मिरवणुकीत, आणि मुके. तक्रार केली, उत्तर आले तेही यंत्राचेच.

आणि नोव्हेंबर २०१९ विसरू नका. सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले, बहुजन लेखक-पत्रकारांनी ट्विटरवर जातीय भेदभावाचा आरोप केला, आणि हजारो लोक मॅस्टोडॉन नावाच्या मुक्त, कुणा एका मालकाच्या ताब्यात नसलेल्या जाळ्यावर गेले. आमच्यातल्या चौघांनीही खाती काढली. महिनाभरात बहुतेक जण परतले. राग होता, यंत्रही तयार होते, पण तिथे रोज झाडलोट करायला, नव्या माणसाला हात धरून बसवायला आपली माणसे नव्हती. 'मूकनायक'चीच गोष्ट, शंभर वर्षांनी.

ही सगळी पाटी डोक्यात ठेवून आम्ही कशेळीत कामाला लागलो. ज्यांना कशेळी माहीत नाही त्यांच्यासाठी: ठाण्याच्या बाळकुमवरून खाडीचा पूल ओलांडला की कशेळी, पुढे काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा आणि मग भिवंडी. मूळ गाव आगरी-कोळ्यांचे. भातशेतीच्या जागी आता गोदामे, वर मेट्रो पाचचे खांब. आमच्या वस्तीतली निम्मी पोरे गोदामात माल चढवतात, उतरवतात, खोक्यांवर स्कॅनर मारतात. त्यामुळे सर्व्हर म्हणजे काय हे इथे समजवायला पाच मिनिटे लागली. माल आपला आणि गोदाम परक्याचे, तर मालक उद्या कुलूप बदलू शकतो. आपले गोदाम असेल तर चावी आपल्याकडे, पण मग उंदीर, पाणी, आग, चोरी, भाडे आणि रजिस्टर हेही आपल्याकडे. पोरे म्हणाली, "म्हणजे सुपरवायझर पण आपणच." अगदी तसेच.

आम्ही निवडले ते पीअरट्यूब. फ्रान्समधली फ्रामासॉफ्ट ही लोकशिक्षणाचे काम करणारी संस्था ते बनवते. २०१८ मध्ये लोकवर्गणी काढून त्यांनी पहिली पक्की आवृत्ती आणली. सॉफ्टवेअर मुक्त आहे, म्हणजे कुणीही घ्यावे, उघडून पाहावे, स्वतःच्या सर्व्हरवर बसवावे. वेगवेगळ्या गटांचे सर्व्हर एकमेकांना जोडता येतात, त्यामुळे कशेळीचा व्हिडिओ नागपूरच्या सर्व्हरवरूनही दिसू शकतो आणि तरी दोघांचे मालक वेगळे राहतात. शिवाय एकच व्हिडिओ एकाच वेळी अनेक जण पाहत असतील तर पाहणारे आपापसांत त्याचे तुकडे वाटून घेतात, पंगतीत बसलेल्यानेच शेजारच्याला वाढावे तसे. टोरंटचेच तत्त्व. हे बैठकीत सांगितले तर एक मावशी दचकल्या. भिवंडी भागात टोरंट म्हटले की लोकांना वीजबिल आठवते.

या वाटून घेण्यात एक खोच आहे आणि ती कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी. तुकडे वाटताना पाहणाऱ्याचा आयपी पत्ता दुसऱ्या पाहणाऱ्यांना कळू शकतो. मोर्चाचा, अत्याचाराच्या साक्षीचा व्हिडिओ कोण पाहतो आहे हे कुणाला कळणे आपल्याला परवडणारे नाही. आम्ही ही सोय बंदच ठेवली आहे. बँडविड्थ जास्त लागते, लागू दे.

पहिला प्रयत्न घरचाच होता. लॅमिंग्टन रोडवरून जुना संगणक आणला आणि विहाराच्या माळ्यावर ठेवला. त्यावर डेबियन, मग पोस्टग्रेस, रेडिस, नोड, एनजिनेक्स, आणि व्हिडिओचे लहानमोठे आकार करणारे एफएफएमपेग. सूचना वाचत वाचत दोन रात्रींत सगळे उभे राहिले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पण बाहेरून कुणालाच दिसेना. केबलवाल्याच्या इंटरनेटला स्वतंत्र पत्ताच नव्हता, शेकडो घरे एकाच पत्त्यामागे. वरून अपलोडचा वेग तुटपुंजा. साधा हिशेब करा: ७२० पी दर्जाच्या व्हिडिओला सेकंदाला साधारण अडीच मेगाबिट लागतात, म्हणजे शंभर जण एकदम पाहू लागले तर अडीचशे. माळ्यावरच्या संगणकाला हे झेपणार नाही हे आधी कळायला हवे होते. शेवटी भाड्याचा सर्व्हर घेतला, दोन कोअर, चार जीबी मेमरी. म्हणजे संपूर्ण स्वावलंबन नाही, जागा भाड्याचीच. पण घरमालक बदलायचा झाला तर सगळे सामान उचलून दुसरीकडे नेता येते, पत्ता तोच राहतो, कारण डोमेन आपल्या नावावर आहे. या फरकासाठीच सगळा खटाटोप.

जागेचा अंदाजही आमचा चुकला. मोबाईलवरचे १०८० पी चित्रण तासाला सात-आठ जीबी खाते. त्याचे ७२० केले की जेमतेम एक जीबी. मूळ फाईलही सर्व्हरवर ठेवायची आणि वर तीन आकार करायचे म्हटले की डिस्क महिन्यात भरते, आणि डिस्क भरली की पोस्टग्रेस बसते, सगळेच बसते. आता मूळ फायली वेगळ्या हार्डडिस्कवर आणि सर्व्हरवर फक्त दोन आकार.

आता ज्याबद्दल लिहायला हात जड होतो ते. आमच्या वस्तीत एक आजी होत्या. ७ डिसेंबर १९५६ ला दादरला, बाबासाहेबांच्या अंत्यविधीच्या वेळी, त्या वडिलांच्या खांद्यावर बसून गेल्या होत्या. वडील गिरणी कामगार. तिथेच भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या अफाट समुदायाला धम्मदीक्षा दिली, हे आपण पुस्तकात वाचतो. आजींनी ते खांद्यावरून पाहिले होते. त्यांना आठवत होते ते वडिलांचे भिजलेले केस, कारण वडील रडत होते आणि डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, त्यांनी लेकीचे पाय धरून ठेवले होते. दोन तास चाळीस मिनिटे आम्ही त्यांना चित्रित केले. चित्रण एका हार्डडिस्कवर ठेवले, सर्व्हरवर चढवू चढवू म्हणत राहिलो, कारण आम्ही तेव्हा पानाचा रंग आणि बोधचिन्ह ठरवण्यात दंग होतो. पावसात ती डिस्क गाडीवरून पडली. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. पुन्हा चित्रण करू म्हणून दिवस ठरवला, त्याआधीच आजी गेल्या. वरचे चार शब्द आमच्या आठवणीतले आहेत, त्यांचे नाहीत.

यात कुठलाही मनुवादी, कुठलीही कंपनी, कुठलेही सरकार आडवे आले नव्हते. दोष पूर्ण आमचा.

दुसरा फटका असा. सर्व्हर बसवणारा मित्र हुशार, मनाने चळवळीचा. त्याला परदेशी नोकरी लागली. सगळे पासवर्ड त्याच्या डोक्यात आणि त्याच्या फोनमध्ये. तीन आठवडे आम्ही आमच्याच गोदामाच्या दाराबाहेर उभे. त्याला दोष द्यायचा नाही, आम्ही कधी मागितलेच नव्हते. आणि ६ डिसेंबर? सर्व्हरला जे मोफत सुरक्षा प्रमाणपत्र लागते ते नव्वद दिवसांचे असते, आपोआप नवे होते. फायरवॉलच्या नियमांत आम्ही काही बदल केला आणि ते नवे होणे थांबले. इशाऱ्याची पत्रे ज्या ईमेलवर येत होती ती कुणीच उघडत नव्हते. महापरिनिर्वाणदिनी सकाळी लोकांनी अभिवादनाचे चित्रण पाहायला दुवा उघडला तर समोर मोठी लाल सूचना, ही जागा सुरक्षित नाही. लोक परत फिरले ते बरेचसे परत आले नाहीत.

इथे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला गप्प बसवत नाही. सर्व्हर बसवायला आमच्याकडे वीस पोरे जमली होती. बॅकअप तपासायला दोघी जणी राहिल्या. असे का? जातिव्यवस्थेने आपल्याला एक गोष्ट हाडीमाशी शिकवली आहे: उभारणारा मोठा, झाडणारा लहान. कोनशिलेवर नाव उद्घाटन करणाऱ्याचे येते, गटार साफ ठेवणाऱ्याचे नाही. ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या गावाची देखभाल केली आणि त्याबद्दल केवळ अपमान मिळवला, त्या समाजाच्या पोरांना 'देखभाल' हा शब्दच नकोसा वाटतो, हे समजण्यासारखे आहे. पण मग आपण प्रतिष्ठेची तीच जुनी उतरंड आपल्या कार्यालयात आणून बसवतो, फक्त वर कोण बसणार ते बदलतो. आमच्या गटात त्या दोघींपैकी एक गोदामात स्टॉक रजिस्टर लिहिते. रजिस्टर लिहिण्याची शिस्त तिने सर्व्हरला लावली आणि तेव्हापासून तो बंद पडलेला नाही. कसल्या संगणक पदवीने हे झाले नाही.

तिचे रजिस्टर साधे दोनशे पानी वही आहे. रोज रात्री डेटाबेसची प्रत निघते, ती निघाली का ते सकाळी कुणी पाहिले, त्याची सही. डिस्क किती टक्के भरली. प्रमाणपत्राची तारीख. नवी आवृत्ती बसवण्याआधी बदलांची टिपणे वाचली का, आणि आधी प्रत काढली का. प्रत्येक चित्रणाच्या तीन प्रती: सर्व्हर, विहारातले कपाट, आणि तिसरी कशेळीबाहेर, दुसऱ्या गावच्या विहारात. गणवीरांना अंक मिळाले ते असेच कुठेतरी तिसऱ्या जागी पडलेले होते ना. पासवर्ड बंद पाकिटात, पाकिटावर तिघांच्या सह्या, आणि कुणी गट सोडला की त्याच दिवशी पासवर्ड बदल. सदस्यत्व सगळ्यांना खुले ठेवण्याची चूकही आम्ही एकदा केली होती. एका रात्रीत जुगाराच्या जाहिरातींची डझनभर खाती. आता अर्ज येतो, माणूस पाहून मंजूर होतो.

कायद्याचेही रकाने आहेत. आपला सर्व्हर म्हणजे कायद्याबाहेरचा मुलूख नव्हे. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क जाहीर ठेवावा लागतो. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांप्रमाणे सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. कलम ६९ अ खाली आदेश आला तर तो आपल्यालाही लागू. आणि सगळ्यात महत्त्वाचे, लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, पूर्वीचे कलम २२८ अ, आता भारतीय न्याय संहितेचे कलम ७२. रागाच्या भरात आपले कार्यकर्ते अशी चित्रणे पसरवतात. आमच्याकडे असे चित्रण आले तर ते चढवत नाही, मोहोरबंद प्रत वकिलाकडे जाते. सीरियाच्या अनुभवावरून आम्ही मोठ्या मंचांना दोष देतो, पण त्यांच्या जागी बसल्यावर काय ठेवायचे आणि काय नाही हा निर्णय किती अवघड आहे तेही कळले.

यूट्यूब सोडा असे आम्ही म्हणत नाही. लोक तिथे आहेत, आमचेही चॅनेल तिथे आहे आणि राहील. बाबासाहेबही मोठ्या इंग्रजी पत्रांना निवेदने देतच होते. पण मूळ प्रत कुठे, हा प्रश्न वेगळा आहे. तिथे जाहिरातीचा फलक, इथे कपाट.

खर्च विचारतात म्हणून सांगतो. भाडे, डोमेन, एक नवी हार्डडिस्क धरून महिन्याला सरासरी अडीच हजार. पंचवीस जण शंभर रुपये देतात. दर महिन्याला चार-पाच जणांची थकते, आणि ती मागायला जाण्याचे काम कुणालाच आवडत नाही. 'बहिष्कृत भारता'च्या वर्गणीची गोष्ट आम्ही तेव्हा दारात उभे राहून सांगतो. काही वेळा पैसे मिळतात, काही वेळा चहा.

येत्या रविवारी सकाळी दहाला कशेळीच्या विहारात आम्ही मुद्दाम एक तालीम करणार आहोत: कोऱ्या यंत्रावर, फक्त बॅकअप आणि वही घेऊन, सर्व्हर पुन्हा उभा करून पाहायचा, आणि बसवणाऱ्यांमध्ये जुन्या माहीतगारांपैकी कुणी नसेल. ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांनी आणावा. ज्यांच्या घरी साठीच्या पुढची माणसे आहेत त्यांनी त्यांना घेऊन यावे, बाजूच्या खोलीत चित्रणाची सोय केली आहे, आणि दुपारी घरी परतण्याआधी त्या चित्रणाच्या तीन प्रती झालेल्या असतील.